दोन सीटच्या गाडीचा निकाल

बारामतीच्या त्या वाचनालयात बायकांसाठी वेगळी जागा होती. जागा म्हणजे कोपऱ्यात एक टेबल, समोरासमोर दोन खुर्च्या आणि बाकीच्या हॉलपासून आडोसा म्हणून लाकडी जाळी. जाळीवर निळ्या ऑइलपेंटनं ‘फक्त महिलांसाठी’ असं लिहिलेलं. जागा कमी पडल्यामुळं शेवटचा ‘ठी’ खाली उतरला होता. दोनपैकी भिंतीकडची खुर्ची माझी. कॉलेज एक वाजता सुटायचं आणि अंथुर्ण्याला जाणारी माझी एसटी सव्वाचारला असायची. मधले तीन तास मी तिथं काढायचे.

बाकीच्या मुलींना असे तास काढावे लागत नसत. त्या घोळक्यानं रसवंतीवर जायच्या, बांगड्या बघायच्या, एकमेकींच्या वह्या उतरवायच्या. मी सहाव्या वर्षापासून बारावीपर्यंत हॉस्टेलच्या इंग्रजी शाळेत होते. वडील साखर कारखान्याच्या स्टोअरमध्ये नोकरीला होते. साहेब लोक इंग्रजीत बोलायला लागले की ते गप्प होत, आणि आपल्या मुलीवर तशी वेळ येऊ नये एवढंच त्यांच्या मनात होतं. तशी वेळ माझ्यावर आली नाही. मी मराठीत गप्प बसायला लागले.

कॉलेजच्या पहिल्याच आठवड्यात मी स्टँडवर म्हणाले होते, “तो बस आला.” त्यानंतर महिनाभर मी दिसले की कुणीतरी म्हणायचंच, “अगं मड्डम, तुझा तो बस गेला की गं!” आणि बाकीच्या हसायच्या. मग मी एक वही केली. बस – ती. ट्रक – तो. टेबल – ते. रोज एक पान पाठ केलं. सहा महिन्यांत माझं व्याकरणातलं लिंग चुकेनासं झालं, पण तोवर माझ्याशी बोलायची सवय सगळ्यांची मोडली होती. मी शिष्ट आहे असं ठरलं होतं. ते खोडून काढायला बोलावं लागलं असतं.

वाचनालयात खालच्या फळीवर परदेशी मासिकांचा एक गठ्ठा होता. गावातल्या एका डॉक्टरांचा मुलगा जर्मनीत होता. तो गाड्यांची मासिकं घरी आणायचा आणि घरात अडगळ झाली की डॉक्टर ती वाचनालयाला देऊन टाकायचे. बहुतेक अंक जर्मन भाषेत होते, एकच इंग्रजी होता. मला गाड्यांतलं काही कळत नव्हतं. इंग्रजी आहे म्हणून वाचायला घेतला.

त्यात दोन सीटच्या, टप उघडणाऱ्या तीन जर्मन गाड्यांची तुलना होती. झेड-थ्री सगळ्यात साधी: लांब नाक, कापडी टप, तो आपल्या हातानं उघडायचा. एसएलकेचा टप पत्र्याचा. बटण दाबलं की तो आपला आपण दुमडून डिकीत जाऊन बसायचा, आणि मग डिकीत दुसरं फारसं काही मावत नसे. बॉक्सस्टरचं इंजिन सीटच्या पाठीमागं होतं, त्यामुळं तिला पुढं एक आणि मागं एक अशा दोन डिक्या. फोटो डोंगरातल्या रस्त्याचे होते. लाल, चंदेरी, पिवळी. दोन सीटच्या गाड्या, पण प्रत्येक फोटोत माणूस एकटाच. शेजारची सीट रिकामी. मी ते फोटो बराच वेळ बघत बसले.

मथळ्यात या गाड्या ‘परवडणाऱ्या’ आहेत असं इंग्रजीत छापलं होतं. त्या शब्दाखाली कुणीतरी पेन्सिलनं रेघ ओढून मराठीत लिहिलं होतं, ‘कुणाला?’

मला हसू आलं, तेही मोठ्यानं. वाचनालय सांभाळणारे तात्या टेबलावरून वाकून बघायला लागले. “काय झालं वो, ताई?”

“काही नाही,” मी म्हणाले आणि अंक तोंडासमोर धरला.

तुलनेचं शेवटचं पान फाडलेलं होतं. म्हणजे तिघींत पहिली कोण आली ते कळायला मार्गच नव्हता. फाटलेल्या कडेशेजारी तीच पेन्सिल: ‘निकाल फाडून नेलाय. आता आपणच लावायचा.’

‘आपणच’ हा शब्द मी घरी घेऊन गेले. चार दिवसांनी, हॉलमध्ये कुणाचं लक्ष नाही असं बघून, समासात एक ओळ लिहिली. ‘कापडी टपावर कारखान्याची राख पडेल. महिन्यात काळा.’

पुढच्या शुक्रवारी उत्तर आलं होतं. ‘राख झटकता येते. एसएलकेची मोटर बिघडली तर बारामतीत कोण उघडणार?’

असं सुरू झालं. कारखाने चालू झाले होते, इंदापूर रस्त्याला उसाच्या ट्रॉल्यांची रांग असायची. मी लिहिलं, ‘या गाडीत बसल्यावर डोकं ट्रॉलीच्या चाकाएवढं येईल.’ उत्तर: ‘मग वरून ऊस ओढायला सोपं.’ मी लिहिलं की झेड-थ्रीची मागची काच प्लॅस्टिकची आहे, आपल्या उन्हात पिवळी पडणार. उत्तर: ‘बॉक्सस्टरचीही तसलीच. नीट वाचा.’ वाचलं, तर खरंच तशीच होती. आणखी एकदा मी लिहिलं, ‘झेड-थ्रीला जर्मन का म्हणायचं? ती अमेरिकेत तयार होते.’ त्यावर उत्तर होतं, ‘माझा जन्म आजोळी झाला. म्हणून आडनाव बदललं?’

 एसटीत खिडकीशी बसून मी ती ओळ बरेच दिवस मनात म्हणत होते.

मी लिहायचे त्यात एक काळजी घ्यायचे. मराठीत ‘मी’ लिहिलं की पाठोपाठ क्रियापद येतं आणि लिहिणारा पुरुष की बाई ते लगेच उघडं पडतं. इंग्रजीत तसं नसतं. मी ‘म्हणते’, ‘बघते’, ‘वाचते’ असं काही लिहायचंच नाही असं ठरवलं. ‘मला वाटतं’, ‘असं दिसतं’, ‘पटलं नाही’. एवढ्यावर काम भागायचं. त्या वहीचा असा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं. आमच्याच एसटीला येणाऱ्या एका मुलीचं कॉलेज एका चिठ्ठीवरून बंद झालं होतं. चिठ्ठीत काय होतं ते कुणी वाचलंसुद्धा नव्हतं. चिठ्ठी होती, आणि ती मुलग्याच्या वहीत सापडली होती, एवढं पुरलं.

समोरचं माणूसही कित्येक दिवस तसंच लिहीत होतं, त्यामुळं माझ्या मनात त्याला चेहरा नव्हता. मग जानेवारीत एका शुक्रवारी हे दिसलं: ‘मी तरी झेड-थ्री घेतो. वडिलांच्या जीपवर गाडी शिकलो. टप हातानंच उघडावा.’

घेतो. शिकलो. म्हणजे पुरुष.

मी अंक मिटला आणि दोन आठवडे खालच्या फळीला हात लावला नाही. या दोन आठवड्यांत मला एक गोष्ट कळली. दिवसभरात मी कंडक्टरशी दोन शब्द आणि घरी जेवणाचं विचारलं तर तीन-चार, एवढंच बोलते. बाकी सगळं माझं बोलणं त्या समासात होत होतं. ते गेलं तर काहीच उरत नव्हतं. तिसऱ्या आठवड्यात मी पुन्हा लिहिलं. यावेळी गाडीबद्दल नव्हतं. ‘प्रत्येक फोटोत शेजारची सीट रिकामी का?’

त्याला उत्तर आलं नाही. पुढच्या शुक्रवारी नाही, त्याच्या पुढच्याही नाही. जास्त बोललो आपण, असं मला वाटत राहिलं.

त्याच दिवसांत एकदा, अंक हॉलमधल्या टेबलावर राहिला असताना, बारामती-इंदापूर वडाप जीप चालवणाऱ्या एकानं तो उचलला. तो पेपर वाचायला यायचा आणि मोठ्यानं वाचायचा. माझा जीव जाळीच्या अलीकडं गोळा झाला.

“तात्या, ही बघा की. दोनच सीटा!”

“आसतील. त्यांच्याकडं मानसं कमी.”

“आमच्या जीपमदी सोळा बसत्यात, ते बी मला धरून न्हाय. ही गाडी लावली तर सांजच्याला घरी उपाशीच जायचं.”

“तुला चालवायला दिली तर तू बॉनेटवर बसवशील की पाच-सहा.”

“मग! एवढं लांब बॉनेट कशापायी दिलंय?” त्यानं पान उलटलं. “आन हे काय, कुनीतरी आब्यास केलाय हितं. पेन्सिलीनं.”

“ठिव तितंच,” तात्या म्हणाले. “पुस्तक खराब करनारं मला एकदा घावू दे. पावतीच फाडतो.”

जीपवाल्यानं अंक ठेवला. हा नव्हे, एवढं तरी कळलं. मग कोण? नवी ओळ नेहमी शुक्रवारी दिसायची, म्हणजे ती गुरुवारी लिहिली जात असणार. गुरुवार बाजाराचा दिवस, बाहेरगावची माणसं तेव्हा खूप येत. त्यांतलाच कुणी शेतकऱ्याचा शिकलेला मुलगा असेल, असा मी अंदाज केला. गुरुवारी मी जाळीच्या भोकांतून हॉलमधल्या पुरुषांकडं बघत राहायचे. सव्वाचारच्या एसटीसाठी चारला उठावं लागायचं, आणि तोपर्यंत त्या फळीशी कुणी वाकलेलं मी कधी पाहिलं नाही.

गुरुवारी समोरच्या खुर्चीत एक बाई असायच्या. पस्तीस-चाळिशीच्या, उंच, सुती साडी, पायाशी बाजाराची पिशवी. त्या मराठी साप्ताहिकं वाचायच्या आणि मी जाईपर्यंत बसलेल्या असायच्या. आमची ओळख मान हलवण्यापुरती होती. कधी त्या म्हणायच्या, “किती वाजले?” आणि मी सांगायचे, “सव्वातीन.” फेब्रुवारीत एकदा त्यांनी पिशवीतून गाभुळलेल्या चिंचा काढल्या, साल सोडवून एक माझ्यासमोर कागदावर ठेवली. “घ्या. आंबट नाही.”

“नो, थँक यू,” मी म्हणाले. मुद्दाम नव्हतं. घाबरले की माझ्या तोंडातून तेच निघतं.

त्या हसल्या. चिंच तशीच थोडा वेळ कागदावर होती. मग त्यांनी ती पिशवीत परत टाकली. मला ती खायची होती. चार वाजेपर्यंत मी तोंडात पाणी गिळत होते.

मार्चमध्ये समासात ओळ आली. ‘बदली झाली. पुढच्या गुरुवारी शेवटचं येतो. तीनला इथंच असतो. बोलायचं असेल तर बोला. नसेल तर निकाल लिहून ठेवतो.’

तो आठवडा मला आठवतो. मी शंभर वेळा ठरवलं की जायचं नाही. कुणी बघितलं तर काय, हे मला तोंडपाठ होतं. तात्या बघतील, जीपवाला बघेल, तो आमच्याच रस्त्यानं रोज जातो. कॉलेज बंद होईल आणि मी अंथुर्ण्यात घरी बसेन. पण शुक्रवारनंतर तो समास रिकामा असणार होता, आणि त्यानंतरच्या सगळ्या शुक्रवारीसुद्धा. शेवटी मी स्वतःशी एक तडजोड केली. बोलायचं नाही. जाळीआड आपल्या खुर्चीत बसायचं, अंकाला हात लावायचा नाही, आणि तीन वाजता फळीशी कोण वाकतं ते फक्त बघायचं. चांगला माणूस वाटला, तर मग बघू.

गुरुवारी मी दीडला पोचले. त्या बाई आधीच येऊन बसल्या होत्या. आज पायाशी पिशवी नव्हती. साप्ताहिक समोर होतं, पण उघडलेलं नव्हतं. मी मान हलवली, त्यांनीही. मी खुर्ची थोडी तिरकी केली. जाळीतून फळी नीट दिसायला हवी होती.

अडीच वाजता एक म्हातारे गृहस्थ आले आणि पेपर घेऊन बसले. पावणेतीनला दोघं तरुण आले. त्यांतला एक उंच होता, खिशाला पेन. मी जाळीला डोळा लावला. पण तो नोकरीच्या जाहिराती उतरवून घेऊन निघून गेला.

“आज परीक्षा आहे?” समोरच्या बाईंनी विचारलं.

“नाही.”

“मग एवढं काय बघताय?”

“काही नाही.”

 त्या हात टेबलावर ठेवून बसून राहिल्या. मला थोडा रागही आला. आज नेमक्या या बाई माझ्याकडंच का बघतायत? त्यांचं लक्ष असताना तो आला तर मी उठून कशी जाणार? तीन वाजले. सव्वातीन. जीपवाला आला, पेपर मोठ्यानं वाचायला लागला. फळीशी कुणीही वाकलं नाही. साडेतीनला बाई म्हणाल्या, “बरं,” आणि उठल्या. मी वर न बघताच मान हलवली. त्या जाळीबाहेर गेल्या. मी फळीकडं बघत होते.

तेवढ्यात जीपवाल्याच्या मोठ्या वाचनातून तात्यांच्या टेबलापाशी कुणीतरी म्हणालेलं पुसटसं ऐकू आलं, “निघालो हं, तात्या. दोन्ही पुस्तकं जमा केलीत.”

निघालो. मी ताडकन उठले. जाळीच्या कडेनं बघितलं. टेबलापाशी एकटे तात्या होते. दारातून त्या बाईंची पाठ बाहेर पडत होती. जीपवाला पेपरात होता, म्हातारे गृहस्थ झोपले होते.

दोन वर्षांत मी तात्यांना पहिल्यांदा काही विचारलं. “आत्ता ‘निघालो’ कोण म्हणालं?”

“त्या बाई. कॅनॉलच्या सायबांच्या घरच्या. बदली झाली की सायबांची. तुमच्या म्होरंच तर बसल्या हुत्या.”

“पण... निघालो म्हणालं कुणीतरी.”

तात्या हसायला लागले. “आवो, त्या कोल्हापूरकडच्या. तिकडं बाया बी ‘आलो, गेलो’च म्हनत्यात. आमी पयल्या पयल्यांदा लई हसायचो. तुमाला ठावं न्हाय व्हय? एवढं शिकलेल्या तुमी!”

“तात्या, आमच्या सोयरिकीत हाय एक कोल्हापूरची,” जीपवाला पेपराआडून म्हणाला. “नवऱ्यापरीस तीच जास्त ‘मी आलो, मी आलो’ करती.”

मी तोवर पायऱ्यांवर पोचले होते. रस्त्याच्या पलीकडं एक गृहस्थ स्कूटरला किक मारत होते. बाई बाजूला उभ्या होत्या. पहिल्या किकला स्कूटर सुरू झाली नाही. मला फक्त हाक मारायची होती. पण काय म्हणून? ताई म्हणावं एवढ्या त्या लहान नव्हत्या, मावशी म्हणावं एवढ्या मोठ्या नव्हत्या. वहिनी कुणाच्या नात्यानं? आमच्या हॉस्टेलवर बायकांना हाक मारायचे दोनच शब्द होते, मिस आणि आंटी. दुसरी किक. आंटी हा शब्द माझ्या घशात आला. त्या रस्त्यावर, स्टँडजवळच्या त्या गर्दीत, तो मला इतका परका वाटला की मी तो गिळून टाकला. नुसतं “अहो” म्हणता आलं असतं. ते मला रात्री घरी गेल्यावर सुचलं. तिसऱ्या किकला स्कूटर लागली. बाई एका बाजूला पाय सोडून मागं बसल्या, पदर मांडीखाली घेतला, आणि दोघं डबल सीट कॅनॉलच्या दिशेनं गेले. त्यांनी मागं वळून पाहिलं की नाही, मधे उसाची ट्रॉली आल्यामुळं मला दिसलं नाही.

आत येऊन मी अंक काढला. आता कोण बघतंय याची मला फिकीर नव्हती. फाटलेल्या पानाशेजारी, समास सोडून कोऱ्या जागेत, नेहमीपेक्षा मोठ्या अक्षरात लिहिलं होतं:

‘निकाल. झेड-थ्री पहिली. बॉक्सस्टर दुसरी, दोन डिक्यांचे दोन मार्क. एसएलके तिसरी, फार शहाणी गाडी. तुमच्या प्रश्नाचं उत्तर राहिलं होतं. सीट रिकामी कशी असेल? कुणीतरी फोटो काढायला खाली उतरलं असणार की. चिंच आंबट नव्हती.’

मी दीडला यायच्या आधीच हे लिहून ठेवलेलं असणार. शेवटचं वाक्य मी परत वाचलं. म्हणजे त्यांना माहीत होतं. निदान फेब्रुवारीपासून. कदाचित माझं हॉस्टेलचं गोल अक्षर त्यांनी वहीत पाहिलं असेल, कदाचित अंक कोण घेतं ते पाहिलं असेल. त्यांना माहीत होतं, आणि तरी त्यांनी मला त्या दोन तासांत धरून बोलतं केलं नाही. बोलायचं असेल तर बोला, असं लिहिलं होतं त्यांनी. आणि मी, जिचं लिंग आता कधीच चुकत नव्हतं, त्यांच्यासमोर दोन तास बसून एका पुरुषाची वाट बघितली.

टेबलावर पेन्सिल नव्हती, माझ्याकडं शाईचं पेन होतं. पुस्तक खराब करणारं तात्यांना सापडलं असतं तर सापडलं असतं. सवयीनं मी आधी मनात ‘भेटायचं होतं’ असं जुळवलं, ज्यावरून काही कळत नाही. मग ते सोडून दिलं आणि त्यांच्या ओळीखाली लिहिलं:

‘मी आले होते.’

त्या अंकात माझ्या हातचं ते पहिलंच क्रियापद होतं ज्यावरून मी कोण ते कळलं असतं. शाई वाळेपर्यंत मी पान उघडं धरलं. मग अंक खालच्या फळीवर ठेवला, आणि चार वाजेपर्यंत त्यांच्या खुर्चीत बसले. तिथून भिंतीकडची माझी खुर्ची अगदी समोर दिसते.